आडतीमागचं घर

उमरग्याच्या पेठेत दवंडी फिरली तेव्हा गजराबाई उंबऱ्यावर बसून ज्वारी निवडत होती. हलगीवाला तिच्या दारासमोर येऊन थांबला. एरवी तो तिथं कधी थांबत नसे. निजाम सरकारचा नवा कायदा निघाला होता. कसबिणीचं घर चालवणाऱ्याला, असल्या घराला जागा भाड्यानं देणाऱ्याला आणि तिथं गिऱ्हाईक म्हणून सापडणाऱ्याला कैद. बाईलाही कैद. एवढं ओरडून तो हलगी बडवत पुढं गेला. फसली सन तेराशे छप्पन्नचा, म्हणजे इंग्रजी सत्तेचाळीसचा, चैत होता आणि उन्हानं पत्रे तडतडत होते.

"काय म्हणला गं तो?" आतून शिवम्मानं विचारलं.

"आपल्याला धरणार म्हणला, अव्वा."

"आन् बाप्यांला?"

"त्यांलाबी."

शिवम्मा हसली. ती साठीची होती, आळंदकडची, बोलताना अर्धं कानडी यायचं. तरुणपणी तिनंही हाच धंदा केला होता. आता ती गजराबाईच्या घरी भाकरी थापायची, पाणी भरायची आणि गिऱ्हाईक दारू पिऊन आलं तर त्याला दारातूनच परत पाठवायची. गजराबाई मूळची सास्तूरकडच्या मेंढपाळाची लेक. नवरा मेल्यावर दिरानं तिला घराबाहेर काढलं, तेव्हा ती उमरग्याला आली. शिवम्मानं तिला पहिल्या दिवशी पोटभर जेवायला घातलं. तेव्हापासून गजराबाई तिला कानडीत आईला म्हणतात तसं अव्वा म्हणत होती.

घर शरणबसप्पा आडत्याचं होतं. पुढं रस्त्यावर त्याची भुईमुगाची आडत, मागं मोठं अंगण, आणि अंगणाच्या टोकाला हे दोन खणांचं घर. पेठेत सगळे ज्याला आप्पा म्हणत तो शरणबसप्पा कपाळावर भस्माचे पट्टे ओढून सकाळी गादीवर बसायचा. गुलबर्ग्याकडचे, सोलापूरकडचे व्यापारी माल घ्यायला येत. सौदा जमला की तो हलक्या आवाजात म्हणायचा, "मागं जाऊन या, थकला असाल." त्यामुळं व्यापारी दुसऱ्या आडतीला जात नसत. पहिल्या दोन वर्षांत तो स्वतःही मागं यायचा. पुढं लेकींची लग्नं झाली, मग बंद केलं.

दवंडीला पेठेतले लोक हसले. पण आठ दिवसांत हैदराबादेहून नवा अमीन, म्हणजे पोलीस फौजदार, आला आणि त्यानं नाक्यावरच्या एका खानावळवाल्याला धरलं. खानावळीच्या माडीवर दोन बाया होत्या. अमीनानं त्या मालकाच्या कमरेला दोर बांधून भर बाजारातून चालवत चौकीवर नेलं. त्याच्याबरोबर धरलेला एक कापडवाला तोंडावर उपरणं ओढून चालला होता. जवानानं ते उपरणं ओढून काढलं. त्यानंतर पेठेत कुणी हसलं नाही.

शरणबसप्पाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तो वकिलाकडे गेला. वकिलानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या घरात काय चालतं हे तुम्हाला माहीत होतं, असं कोण सांगू शकेल?"

"व्यापारी सांगणार न्हाईत. तेच अडकतील की."

"मग?"

"ती बाई."

"तर मग तिचा जबाब होऊ देऊ नका," वकील म्हणाला. "आधीच गावाबाहेर पाठवा. प्रेमानं पाठवा."

शरणबसप्पा घरी आला. प्रेमानं पाठवायचं म्हणजे स्वतः अंगणात जाऊन तिच्याशी बोलायचं, आणि ते कुणी पाहिलं तर? त्यानं बलभीमाला बोलावलं. बलभीम आडतीवरच्या हमालांचा मुकादम, पाच फुटांचा पण खांदे बैलासारखे. शरणबसप्पा त्याला एवढंच म्हणाला, "त्या बाईचं तोंड बंद झालं पायजे. कसं ते तू बघ. मला सांगू नगंस."

बाजाराच्या दिवशी दुपारी बलभीम दोन हमाल घेऊन मागच्या घरी आला. पुढं आडतीवर गाड्यांची गर्दी होती, काट्यावर पोती चढत होती. अंगणातून काही ऐकू गेलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. शिवम्मा चुलीपुढं भाकरी थापत होती. गजराबाई नुकतीच न्हाऊन केस वाळवत बसली होती.

"उठा," बलभीम म्हणाला. "घर खाली करायचं. आत्ताच्या आत्ता."

"आप्पांला इकडं येऊन बोलू द्या," गजराबाई म्हणाली. "मुकादम, तुमीबी या घरात जेवून गेलाव. असं कसं बोलताव?"

हमालांनी भांडी उचलून अंगणात फेकली. पेटी फेकली, तिचं झाकण निघून लुगडी धुळीत पसरली. गजराबाई उठली आणि तिनं अंगावर पदर घेतला.

"म्या जाते. पर पैलं चौकीवर जाऊन सांगून जाते, आमाला कुणी ठिवलं हुतं आन् कुणाकुणाला आमच्याकडं धाडलं हुतं. कायदा हायच की आता."

तिच्या मनात तसं काही नव्हतं. दहा वर्षं ज्या घरात काढली त्यातून कुत्र्यासारखं हाकललं म्हणून ती बोलून गेली. पण बलभीमाचा चेहरा बदलला. त्यानं मागं वळून दाराला कडी घातली. त्याच्या कमरेला पोती ओढायचा लोखंडी आकडा होता.

"आप्पा म्हणलेच हुते," तो म्हणाला. "तुजं तोंड बंद झालं पायजे."

आकड्याच्या बोथट बाजूनं त्यानं तिच्या जबड्यावर वार केला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. ती भिंतीवर आदळून खाली बसली. तोंडातून दात आणि रक्त ओंजळीत पडलं. त्यानं दुसरा वार खांद्यावर केला, तिसरा पाठीवर. ती ओरडायला गेली तर जबडा हललाच नाही. एका हमालानं "मुकादम, पुरं की" म्हटलं. बलभीमानं ऐकलं नाही. त्यानं तिचे ओले केस मुठीत धरून मान मागं ओढली आणि आकडा आता टोकाच्या बाजूनं धरला.

तेवढ्यात शिवम्मानं चुलीतलं पेटतं लाकूड ओढून त्याच्या तोंडावर हाणलं.

बलभीम किंचाळला. मिशा जळाल्या, एका डोळ्यात ठिणग्या गेल्या. केस सोडून तो आंधळ्यासारखा वळला आणि आकडा फिरवला. टोक शिवम्माच्या मानेत कानाखाली रुतलं. त्यानं हिसका देऊन ते बाहेर काढलं तेव्हा रक्ताची चिळकांडी तव्यावर उडाली. तव्यावरची भाकरी अजून टम्म फुगलेली होती. म्हातारी चुलीवरच कोसळली. "अय्यो शिवने" एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग लुगड्यानं पेट घेतला.

दोघे हमाल कडी काढून पळाले.

गजराबाईच्या हाताला कोपऱ्यातलं मुसळ लागलं. बलभीम डोळे चोळत उभा होता. तिनं बसल्या जागेवरूनच दोन्ही हातांनी मुसळ फिरवून त्याच्या गुडघ्यावर हाणलं. तो पडला. आकडा हातातून सुटून दूर गेला. ती उठली, दुसऱ्या गुडघ्यावर मुसळ टाकलं, पुन्हा टाकलं, वाटी फुटेपर्यंत टाकलं. तो लहान पोरासारखा रडत होता, हात जोडत होता. तिनं मुसळ त्याच्या डोक्यावर उचललं.

आणि तिथंच धरून ठेवलं. हा मेला तर आप्पाचं नाव घेणार कोण? मुसळ टाकून ती चुलीकडं धावली. घागरीतलं पाणी ओतून तिनं शिवम्माच्या अंगावरची आग विझवली, तिला ओढून बाजूला घेतलं. म्हातारीचे डोळे उघडेच होते. गजराबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, तर तिच्याच हाताचं रक्त म्हातारीच्या गालाला लागलं. तिनं ते पदरानं पुसलं.

मग ती भर बाजारातून चौकीवर गेली. एका हातानं लोंबता जबडा धरून, लुगडं रक्तानं अंगाला चिकटलेलं. लोक वाट सोडत गेले. ज्यांना ती ओळखत होती त्यांनी माना फिरवल्या. आडतीच्या गादीवरून शरणबसप्पानं तिला जाताना पाहिलं आणि तो उठून आत गेला.

अमीन कडक होता पण खोटा नव्हता. गजराबाईनं खुणेनं आडतीकडं दाखवलं, तसं त्यानं जवान पाठवून प्रेत आणि बलभीम दोन्ही आणवलं. गजराबाईला आधी सरकारी दवाखान्यात जबडा बांधून घ्यायला लावला. वीस दिवसांनी तिला थोडं बोलता आलं तेव्हा तो जबाब घ्यायला तिच्या खाटेशी येऊन बसला.

"देखो बाई," तो म्हणाला, "तुम बोलोगी तो तुम भी मुल्जिम होगी. नया कानून है. तुमको भी सजा होगी."

"व्हवू द्या," ती म्हणाली. "ल्हिवा."

तिनं सगळं सांगितलं. घर कुणाचं, व्यापाऱ्यांना कोण धाडायचं, बलभीम वार करताना काय बोलला. अमीनानं सगळं लिहून घेतलं, तिच्या अंगठ्याचा ठसा घेतला.

खुनाचा खटला जिल्ह्याच्या ठिकाणी उभा राहिला. बलभीमाला दोघांनी उचलून पिंजऱ्यात बसवलं. त्याचे दोन्ही पाय वाळक्या लाकडासारखे झाले होते. त्याला विचारलं, "तुला कुणी पाठवलं?"

बलभीमानं कोर्टात मागं पाहिलं. तिथं त्याची बायको तीन पोरं घेऊन बसली होती. पोरांच्या अंगावर नवे सदरे होते. गेले चार महिने त्यांच्या घरी आडतीवरून धान्य जात होतं, हे सगळ्या पेठेला माहीत होतं.

"कुणी न्हाय," बलभीम म्हणाला. "माजं तिचं भांडान हुतं."

गजराबाई उठून उभी राहिली. "आप्पाचं नाव घेतलंस तू, मुकादम! माज्या म्होरं घेतलंस!"

मोडलेल्या जबड्यातून शब्द नीट निघत नव्हते. शरणबसप्पाचा वकील शांतपणे म्हणाला की बाई स्वतः कसबीण आहे, नव्या कायद्याखाली आरोपी आहे, मालकावर राग धरून आहे. तिच्या एकटीच्या शब्दावर एका इज्जतदार व्यापाऱ्याला खुनात गोवता येणार नाही. दुसरा पुरावा नव्हता. पळालेले हमाल सापडले नव्हते.

बलभीमाला चौदा वर्षं झाली. शरणबसप्पा खुनातून सुटला. घर भाड्यानं दिल्याबद्दल त्याला सहा महिने झाले आणि गजराबाईला धंद्याबद्दल तीन.

सुटल्यावर तिला उमरग्यात कुणी जागा दिली नाही. घरमालक तिला लांबून येताना पाहूनच दार लावायचे. धर्मशाळेतून तिला उठवलं. तिला कायद्याचं भय वाटत नव्हतं, पण तिला थारा देताना बाकी सगळ्यांना वाटत होतं. शेवटी ती आळंदच्या वाटेला लागली. दोन दिवस चालून तिनं शिवम्माचं गाव गाठलं. तिथं शिवम्माचा धाकटा भाऊ गुंडप्पा होता. चाळीस वर्षांत त्यानं बहिणीचं नाव काढलं नव्हतं.

तो गोठ्यात बैलांना वैरण टाकत होता. गजराबाईनं उभ्यानंच सांगितलं. त्याचे हात थांबले नाहीत. शेवटची पेंढी टाकून तो वळला.

"मारणाऱ्याला काय झालं?"

"चौदा वर्षं. पाय म्या मोडले त्याचे."

"आन् धाडणाऱ्याला?"

"घर भाड्यानं दिलं म्हणून सहा म्हयने."

"अक्काबद्दल?"

"अव्वाबद्दल काय न्हाई."

गुंडप्पानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "कवा सुटतोय तो?"

गजराबाईला तारीख माहीत होती. हा प्रश्न कशासाठी आहे हेही तिला कळलं. बलभीमाच्या डोक्यावरून मुसळ बाजूला टाकलं ते तिनं कोर्टाच्या भरवशावर टाकलं होतं. तिनं तारीख सांगितली, आप्पाची बैलगाडी शेताकडं कोणत्या वाटेनं जाते ते सांगितलं, आणि वाटेत ओढा कुठं लागतो तेही सांगितलं.

माघात शरणबसप्पा सुटला. त्या दिवसांत मुलखात रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. गावं जळत होती, लोक सोलापूरकडं पळत होते. कुणाच्या मरणाची चौकशी करायला कुणाला सवड नव्हती. सुटल्यावर चौथ्या दिवशी, सकाळी, शेतावर जाताना ओढ्याच्या उतारात त्याची गाडी अडली. गाडीवानाला गुंडप्पानं हाताला धरून खाली उतरवलं आणि जायला सांगितलं. मग कुऱ्हाडीचे घाव घातले. पहिला घाव आडव्या हातावर बसला, दुसरा मानेवर. चौथ्यानंतर तो मोजायचा थांबला.

तिसऱ्या दिवशी तो गावी परतला तेव्हा गजराबाई त्याच्या शेतात हरभरा उपटत होती. त्याची बायको बांधावर बसली होती. गुंडप्पानं ओढ्यात धुतलेल्या धोतरावर अजून पुसट डाग होते. तो गजराबाईजवळ येऊन खाली बसला.

"झालं," तो म्हणाला.

"काय बोलला का?"

"म्या सांगितलं, शिवम्माचा भाऊ हाय म्हणून." गुंडप्पानं ढेकूळ उचलून हातात चुरलं. "तो म्हणला, कोण शिवम्मा?"

गजराबाईनं हरभऱ्याचं आणखी एक झाड उपटलं. तिला वाटलं होतं की आज छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. दहा वर्षं म्हातारी त्या माणसाच्या अंगणात पाणी भरत होती. सणाला त्याच्या घरी पोळ्या लाटून देत होती.

बांधावरून गुंडप्पाच्या बायकोनं विचारलं, "कशी हुती वो ती? म्या तर कदी बगितलीच न्हाई."

गजराबाईनं हातातला हरभऱ्याचा जुडगा खाली ठेवला. मोडका जबडा हातानं सावरत ती सांगू लागली, की अव्वा उंचीला इतकी होती, कानानं थोडी कमी ऐकायची, आणि कुणीही दारात आलं तर आधी जेवलास का विचारायची.