स्पर्शमहाराजांचा हातगुण

पॉलिहाऊसच्या दाराशी इतकी गर्दी झाली होती, की ज्याचं पॉलिहाऊस होतं तोच बाहेर अडकला होता. आत स्पर्शमहाराज टोमॅटोच्या ओळींपुढे उभे होते. त्यांनी कमरेच्या बटव्यातून एक रोगट पान काढलं, तळहातांत चुरगळलं आणि डोळे मिटून हुंगलं. "शाप कडू आहे, पण अजून मुरलेला नाही," ते म्हणाले. मग चेल्याने पुढे केलेल्या वाडग्यात त्यांनी मनगटापर्यंत हात बुडवले. वाडग्यात दूध होतं. ज्या गाईचं ते होतं, ती म्हणे पहाटे ध्यानाला बसायची. त्या ओल्या हातांनी महाराज एकेक रोप कुरवाळत निघाले आणि बाहेर सगळ्यांनी हात जोडले.

मी जोडले नाहीत, कारण माझ्या हातात पुठ्ठ्याच्या पेट्यांचा गठ्ठा होता. टोमॅटो भरायच्या पेट्या बनवणं हा माझा धंदा. या धंद्यात एक गोष्ट कळते, ती म्हणजे झाकण देखणं असलं म्हणून आतला माल चांगला असेलच असं नाही.

त्या हंगामात आमच्याकडे टोमॅटोची पानं चितकबरी व्हायला लागली होती. हिरव्यावर फिकट डाग, आखडलेले शेंडे, खडबडीत फळं. फवारण्या करून सगळे थकले, तेव्हा उत्पादक संघाच्या अध्यक्षांनी कुठून तरी महाराजांना पैदा केलं. महाराजांचा उपाय साधा होता. रोगट झाडं उपटून जाळायची, उरलेल्यांना स्पर्श द्यायचा. आणि खरं सांगायचं तर उरलेली झाडं टिकत होती. मला तेच खुपत होतं. थापाड्याची थाप खरी ठरली की शहाण्या माणसाची पंचाईत होते.

माझ्या ताईचंही एक पॉलिहाऊस होतं. भावजींच्या मागे तिने ते एकटीने चालवलं. तिने महाराजांना दारातूनच वाटेला लावलं होतं. "माझ्या झाडांना मीच रोज हात लावते. त्यांची अजून तक्रार नाही," असं ती तोंडावर म्हणाली. जीभ आमच्या घराण्याची.

मग अध्यक्ष 'तपासणी' म्हणून महाराजांना घेऊनच आले. महाराजांनी पान चुरगळलं, हुंगलं आणि दुधाचं वाडगं मात्र बाजूला सारलं. "इथे स्पर्श नाही. इथे फक्त निदान." असं म्हणत ते मधल्या वाटेने दोन्ही बाजूंची झाडं चाचपत शेवटपर्यंत गेले. दोन आठवड्यांत ताईची झाडं चितकबरी झाली.

"झाडांना शाप नाही, हाताला आहे," महाराजांनी निकाल दिला. "या बाईंचा हातगुणच वाईट."

दुसऱ्या दिवसापासून कामाच्या बायका यायच्या बंद झाल्या. ताईने ते सोसलं. पण त्याच आठवड्यात ताईच्या लेकीला, माझ्या भाचीला, मुलगी झाली. आम्ही दवाखान्यात गेलो, ताईने बाळाला घ्यायला हात पुढे केले, आणि विहीणबाईंनी बाळ छातीशी घट्ट धरलं.

"राग मानू नका," विहीणबाई म्हणाल्या. "महाराज तुमच्या हातांचं काही करेपर्यंत बाळाला लावू नका ते. एकुलतं नातवंड आहे."

"माझंही एकुलतंच आहे."

"म्हणूनच म्हणते ना."

भाची पलंगावर रडायला लागली. जावई खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना त्या दिवशी खिडकीबाहेर फारच काही दिसत होतं. ताईने पुढे केलेले हात मागे घेतले. घरी येऊन ती कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसली, आणि मला इतका संताप आला की मी तडक बाईंचं घर गाठलं.

बाई म्हणजे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या बाई. अर्धा उत्पादक संघ त्यांचा विद्यार्थी. अध्यक्षांना तर त्यांनी दोनदा नापास केलं होतं. ताईच्या पॉलिहाऊसमध्ये त्या हात पाठीमागे बांधून फिरल्या. कशालाही शिवल्या नाहीत.

"कडेच्या ओळी ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "रोग फक्त मधल्या वाटेला, तोही हात पोचेल तेवढाच. तू कुठल्या वाटेने फिरतेस?"

"सगळ्याच," ताई म्हणाली.

"मग फक्त मधल्या वाटेने कोण गेलं?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी पान चुरगळण्याचं आणि दुधाचं सगळं सांगितलं. बाई हसल्या. "लबाड आहे, पण शिकलेला लबाड आहे," त्या म्हणाल्या.

पुढच्या सभेला संघाचं सभागृह खच्चून भरलं होतं. विहीणबाई पहिल्या रांगेत होत्या. बाईंनी आपल्या घरी वाढवलेल्या टोमॅटो-रोपांचे तीन ट्रे टेबलावर मांडले आणि अगदी नम्र आवाजात विचारलं, "महाराज, एक शंका आहे. सामर्थ्य तुमच्या हातात आहे की दुधात?"

महाराज मंद हसले. भक्तांसमोर दुसरं उत्तर देणार काय? "दूध निमित्त. सामर्थ्य हातात."

"मग आज निमित्त राहू दे. पान चुरगळा आणि या ट्रेला नुसत्या हाताने स्पर्श द्या."

महाराजांचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र चेल्याला शोधायला लागले. "आज हाताला मौन आहे," ते म्हणाले.

"तपासणीच्या दिवशी तर बोलत होता," मागून कोणीतरी म्हणालं, आणि चार जण हसले. हसू आलं की भक्ती जरा पातळ होते. अध्यक्षांनीच विनवलं, "महाराज, होऊन जाऊ दे." शेवटी महाराजांनी पान चुरगळलं आणि पहिल्या ट्रेवरून हात फिरवला.

मग बाईंनी ताईला पुढे बोलावलं. वाईट हातगुणाच्या ताईने तेच पान चुरगळलं, महाराजांच्या वाडग्यातल्या दुधात हात बुडवले आणि दुसरा ट्रे कुरवाळला. तिसऱ्याला कोणीच शिवलं नाही. तिन्ही ट्रे वेगवेगळ्या जाळीच्या पेटाऱ्यांत ठेवून अध्यक्षांच्या खोलीत खिडकीशी मांडले आणि कुलूप घातलं. किल्ली अध्यक्षांकडे, आणि पाणी घालायचं तेही पानांना न शिवता.

दोन आठवड्यांनी अध्यक्षांनी स्वतः ट्रे आणून मांडले, आणि त्यांचा चेहरा पुन्हा नापास झाल्यासारखा होता. तिसरा ट्रे हिरवा. ताईचा हिरवा. महाराजांच्या ट्रेत एकही शेंडा धड नव्हता.

"हा शाप नाही, विषाणू आहे," बाई म्हणाल्या. "आत आरएनए नावाचा एक धागा, बाहेर प्रथिनाचं कवच. बस, एवढाच जीव. याला पाय नाहीत, तोंड नाही, धडधाकट पानात स्वतःहून शिरताही येत नाही. पण रोगट पान चुरगळलेला हात दुसऱ्या पानावर फिरला, की पानावरची बारीक लव मोडते. तेवढी फट त्याला पुरते. आत गेला की कवच उतरतं आणि धागा मोकळा होतो. तो धागा म्हणजे एक हुकूम असतो, 'माझ्या नकला काढा.' पेशीत प्रथिनं बनवणारी यंत्रणा असते. ती हुकूम कोणाचा, कशासाठी, काही विचारत नाही. निमूट कामाला लागते. अगदी या सभागृहासारखी."

कोणी हसलं नाही.

"त्याच हुकुमावरून आणखी एक प्रथिन तयार होतं. ते शेजारच्या पेशीत जाणाऱ्या अरुंद वाटा रुंद करतं. विषाणू घराघरांतून पुढे सरकतो, मग अन्नरसाच्या नळ्यांत शिरतो आणि थेट कोवळ्या शेंड्याला पोचतो. म्हणून नवी पानं आधी बिघडतात."

"आणि दूध?" विहीणबाईंनी विचारलं.

"दुधातली प्रथिनं या विषाणूला अडवतात. म्हणून रोपं हाताळणाऱ्यांना पावडरच्या दुधात हात बुडवायला शिकवतात. गाईने ध्यान करण्याची गरज नसते. महाराज, तुम्ही कुठल्या रोपवाटिकेत होता?"

महाराज दाराकडे बघायला लागले. चेला बिचारा सवयीने बोलून गेला, "आम्ही दोघंही कलम विभागात होतो."

म्हणजे कोणाला दूध लावायचं आणि कोणाला रोग, हे हिशोबाने चाललं होतं. सभागृहात खुर्च्या सरकायला लागल्या तेव्हा महाराजांनी हातापेक्षा पाय किती तयार आहेत ते दाखवलं. चेला वाडग्यासकट मागोमाग गेला.

खरं कळलं म्हणून ताईची झाडं बरी झाली नाहीत. झाडाच्या विषाणूवर औषध नाही. मधल्या वाटेची सगळी झाडं उपटावी लागली. कामाच्या बायका खाली मान घालून परत आल्या आणि तिच्या जोडीने उपटू लागल्या. ताई प्रत्येक झाडाला हळहळत होती. मलाही वाईट वाटत होतं.

त्याच दुपारी विहीणबाई बाळाला घेऊन दाराशी आल्या. माफी मागणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून त्यांनी बाळच पुढे केलं. "घ्या," त्या म्हणाल्या.

ताई मागे सरकली. "थांबा. आत्ताच रोगट झाडं उपटलीत. हात धुऊन येते."

विहीणबाई दचकल्या. "म्हणजे बाळालाही लागतो तो रोग?"

"नाही हो. झाडाचा रोग माणसाला नाही लागत. पण तान्ह्या बाळाला घ्यायचं तर हात स्वच्छ हवेत. एवढंच."

ती नळाकडे गेली आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धूत बसली. वाचकहो, उद्या तुम्हाला कोणी सांगेल की अमक्या बाईचा हात वाईट, तमकीचा पायगुण वाईट. लगेच हो म्हणू नका. आधी विचारा, कशावरून? तिच्याऐवजी दुसऱ्याने तेच केलं तर काय होतं, ते करून बघितलंत का? आणि सांगणाऱ्याचे हात कोणी तपासलेत? झाडाच्या पेशीला हे प्रश्न विचारता येत नाहीत, आपल्याला येतात.

ताईने हात पुसले. विहीणबाईंनी बाळ तिच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाल्या, "मान सांभाळा." ताई म्हणाली, "सांभाळते," आणि मग इतके दिवस न रडलेली ती हुंदके देऊन रडली.