चाबूकबाबा आणि कोरडी भिंत

चाबकाचा पहिला फटका बादलीतल्या पाण्यावर बसला, दुसरा बादलीवर आणि तिसरा घरमालकाच्या पोटरीवर. मालक कळवळला. गर्दीने हात जोडले. रक्त निघालं म्हणजे प्रकार अस्सल.

"नदी माझ्या धाकात आहे," चाबूकबाबा म्हणाले. "या उंबऱ्यावर पाय ठेवील तर तंगडी मोडीन."

चेल्याने बादली खोलीतल्या भिंतीवर रिकामी केली. पाणी थेंब थेंब होऊन घरंगळलं. बाबांनी भिंतीवरून तळवा फिरवून दाखवला. कोरडा.

आमचे दाजी विरघळले. नदीकाठचं घर निम्म्या किमतीत, वर पुराला चोप देणारे बाबा. याच खोलीत त्यांची चार वर्षांची मुलगी झोपणार होती.

"अगं, करू ना सही?" त्यांनी ताईला विचारलं.

आमची ताई वायरमन. ती भिंतीकडे नाही, बटणांकडे बघत होती. "इथं उंट राहत होते का? एकूण एक प्लग माझ्या डोक्याच्या वर. मिक्सर लावायला शिडी आणू?"

"बाईमाणसानं मध्ये बोलू नये," चेला म्हणाला.

"बरं, नाही बोलत." तिने पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली आणि गुडघ्याच्या उंचीवर घाव घातला.

चेल्याने तिचा दंड पिरगाळला. बाबांचा चाबूक तिच्या गालावर बसला. झुरळालाही वहीने हळूच बाहेर पोचवणारे दाजी पुढे झाले आणि बाबांचं नाक फुटलं. मग लाथाबुक्क्या सर्वांना सारख्या वाटल्या गेल्या. मला दोन मिळाल्या, त्यातली एक नक्की दाजींची.

ताईचे घाव थांबले नव्हते. गिलावा ढासळला. आत प्लगचा जुना डबा, वाळलेल्या गाळाने गच्च. तिने भिंत खरवडली, खरवडीला काडी लावली. खरवड वितळून ठिबकली.

"मेण चोळलंय. पाणी घसरणारच. रेनकोटच्या कुणी पाया पडतं का? पुरात डबे बुडाले, म्हणून कुणा वायरमनने प्लग वर नेले. या घरात खरं बोललेला तो एकटाच."

"पाणी कुठवर आलं असेल?" दाजींनी विचारलं.

"इथवर." ताईने वरच्या प्लगखाली हात धरला. मग तोच हात मुलीच्या उंचीइतका खाली आणला. दाजींनी सहीचा कागद फाडला.

तेव्हा घर घेणाऱ्यांनो, चमत्कार बघू नका, प्लग बघा. गिलावा ठोकून बघा, शेजाऱ्यांना विचारा. चाबकाचं नदीला काही लागत नाही. ताईच्या गालाला सहा टाके पडले.