भाची लिहू नका

चष्म्याचं दुकान बंद केलं तेव्हा काकांनी कानाला खडा लावला होता की आता सरकारी कचेरीची पायरी चढायची नाही. पण घरपट्टीचं बिल आलं आणि पुढच्या खोलीवर अजून दुकानाचाच दर लागलेला दिसला. त्या खोलीत आता काचेची कपाटं नव्हती, काकूंचा पलंग होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना जिना चढता येत नव्हता. शेवटी काका गेले.

कर कार्यालयातल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मालक स्वतः राहतो म्हटल्यावर राहत्या घराचा दर लागेल, वयाची सवलतही मिळेल, असं त्या म्हणाल्या. काकांचा जीव भांड्यात पडला. मग बाईंनी सहज विचारलं, त्या खोलीत आणखी कोण असतं? काका बोलून गेले, की पत्नीला सांभाळायला एक ताई येते दिवसभर.

"पगारावर?"

"हो, पण अगदी घरच्यासारखी आहे."

"घरच्यासारखी असली तरी पगार तुम्ही देता ना काका? मग घराचे मालक आहात तसे तिचेही मालकच झालात."

घरपट्टी वेगळी आणि घरी कामाला असलेल्या माणसाची नोंद वेगळी, असं बाईंनी समजावलं. ताईच्या पगारातून थोडा हिस्सा कापायचा, तेवढाच आपल्या पदरचा घालायचा आणि दर तिमाहीला भरायचा. त्यातून तिला म्हातारपणी पेन्शन मिळते, आजारपणात आधार होतो. मागचंही भरावं लागेल, पण आपणहून नोंद केली तर दंड नाही. नात्यातलं माणूस असेल तर यातलं काहीच लागत नाही.

आगीतून फुफाट्यात, असं मनाशी म्हणत काका घरी आले. वाटेत भेटलेल्या शेजाऱ्याने सोपी युक्ती सांगितली: भाची म्हणून लिहून टाका, कोण बघायला येतंय? काकांना ते पटलं. ताईचेही पैसे कापले जाणार नाहीत, म्हणजे तीही खूशच होईल.

ताई चादरीच्या घड्या घालत होती. काकांनी सगळं सांगितलं आणि भाचीचा बेत जरा हसतच पुढे केला. ताई हसली नाही. हातातली घडी तिने पुरी केली.

"काका, याआधीच्या घरात मला लेक म्हणायचे. म्हातारीचं सगळं मी केलं, शेवटपर्यंत. ती गेली आणि महिन्याभरात दाराला कुलूप लागलं. मग खोली भाड्याने घ्यायला गेले तर घरमालकाने विचारलं, इतकी वर्षं काम कुठे केलंत? दाखवायला काही नव्हतं. मला भाची लिहू नका. कामाला आहे असं लिहा."

पलंगावरून काकूंचा आवाज आला. झटक्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द मोजकेच आणि जड यायचे.

"बरोबर... आहे तिचं."

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा कचेरीत गेले. मागचे सगळे महिने लिहून दिले. घरपट्टीत वाचलेलं बरंचसं त्यात गेलं, आणि ताईच्या हातात कमी पडू नये म्हणून पगारही थोडा वाढवावा लागला. हिशोब जेमतेम जुळला. तरी बाहेर पडताना त्यांना हलकं वाटलं. शेजाऱ्याला काय सांगायचं एवढाच प्रश्न उरला होता, आणि तोही घरी पोचेपर्यंत ते विसरले.

नोंदीबरोबर आठवड्याची सुट्टीही आली. ती काकांच्या ध्यानातच आली नव्हती. पहिल्या सुट्टीच्या दिवशी काकूंची वेणी घालायची पाळी त्यांच्यावर आली. आयुष्यभर बारीक स्क्रू फिरवलेल्या बोटांना तीन पेड काही आवरेनात. भांग वाकडा पडला. काकूंनी हातातल्या आरशात बराच वेळ पाहिलं.

"उद्या... ताईकडून शिका," त्या म्हणाल्या, आणि डोकं पुन्हा त्यांच्यापुढे केलं.