भंडाऱ्याचं कडं

शेजारचा ढोल वाजू लागला, की जमिनीवर उभ्या ठेवलेल्या दुसऱ्या ढोलाच्या कातड्यावरचा भंडारा हलतो. सगळीकडं सारखी पसरलेली हळद हळूहळू सरकते. मध्ये एक ठिपका उरतो आणि त्याभोवती एक कडं. कातडं जिथं जास्त हलतं, तिथं बारीक पूड गोळा होते. भौतिकशास्त्रात मी हे शिकले होते. पाहिलं मात्र आमच्या नरसिंहपुरात, गेणबातात्यांच्या गजी मंडळाच्या, म्हणजे धनगरी ढोल-नाचाच्या, सरावाला.

मी त्याचा फोटो काढला आणि त्याचंच पोस्टर केलं. काळ्यावर पिवळा ठिपका, पिवळं कडं, खाली दिवस आणि वेळ.

बारामतीच्या ज्या महाविद्यालयात मी प्रयोगशाळेत तात्पुरती कामाला आहे, तिथं लोकसंगीतावर परिसंवाद होता आणि संध्याकाळी तात्यांचा गजी. पोस्टरचं काम परिसंवाद भरवणाऱ्या मराठी विभागाच्या संजीवनी मॅडमनी दिलं होतं. तोवर मी सुट्टीच्या दिवशी कुणाची निमंत्रणपत्रिका, कुणाच्या प्रबंधाच्या आकृत्या करून द्यायची. आई फोनवर विचारायची, “मनिषा, बी.एड. करणार, का चित्रंच काढणार?” मी म्हणायची, “बघू.” अशी दोन वर्षं गेली होती. सभागृह रिकामं राहिलं असतं, तर त्या ‘बघू’चा निकाल आपोआप लागला असता.

पोस्टर बघायला तात्यांनी माझा मोबाइल लांब धरला, मग जवळ आणला.

“आमचं फोटू कुठं हायत?”

“न्हाईत, तात्या.”

“येकाचाबी न्हाय?”

“ढोल हाय की तुमचा.”

“ढोलाला कोण वळखतंय? आन् ह्यो तर आमलेट दिसतुय.”

तात्यांनी मला न सांगता इंदापुरात वेगळा फ्लेक्स छापून घेतला. कार्यक्रमाच्या सकाळी तो बारामतीच्या एसटी स्टँडबाहेर लागला. अख्खं मंडळ गोल चौकटींत, सगळ्यांत वर फेटा आणि काळा चष्मा घातलेले तात्या. पुढचं आईनं सांगितलं. ती मंडळासोबत टेम्पोतून आली होती. तात्या फ्लेक्सखाली उभे होते. एसटीची वाट बघणाऱ्या एकानं वर पाहिलं, तात्यांकडं पाहिलं आणि त्यांचा हात हातात घेतला.

“वाढदिवस व्हय? शुभेच्छा बरं का.”

दुसऱ्यानं तर कुठल्या पक्षाचे म्हणून विचारलं. गजीचं कुणीच विचारलं नाही.

तात्या तसेच महाविद्यालयाच्या फाटकाशी आले. तिथं माझ्या पोस्टरपुढं पोरी फोटो काढत होत्या.

“हे नेमकं काय आहे?” एकीनं विचारलं.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. “सांजच्याला या. दावतो.”

संध्याकाळी खुर्च्या संपल्या, पायऱ्याही भरल्या. मॅडम स्वतः दाराशी उभ्या होत्या. मी रंगमंचावर एक ढोल उभा ठेवला होता, त्याच्यावर रोखलेला कॅमेरा आणि मागं मोठा पडदा. तात्यांनी कपाळाला भंडारा लावला, मग त्या ढोलावर मूठभर पसरला. शेजारच्या ढोलावर त्यांची पहिली थाप पडली. पडद्यावर हळद थरथरली, सरकली. मधला ठिपका आधी उमटला, मग कडं. बाहेरच्या पोस्टरवर होतं, तसंच. नंतरच्या टाळ्यांत ढोलसुद्धा ऐकू येईना आणि तात्या गालात हसत आणखी जोरात वाजवत राहिले.

कार्यक्रम संपल्यावर मॅडम म्हणाल्या, “विभागाच्या ग्रंथाचं मुखपृष्ठ तूच कर. आणि पुण्याचे एक सतारवादक त्यांच्या पोस्टरसाठी तुझा नंबर मागतायत.”

तात्या घाम पुसत आले. “पोरी, दसऱ्यालाबी ह्येच लाव.”

“आमलेट?”

“व्हय, त्येच. फकस्त खाली माजं नाव जरा मोठं कर.”

आई ढोलावरचा भंडारा चिमटीनं उचलून माझ्या कपाळाला लावत होती. “मग? बी.एड.चं काय करायचं?”

“न्हाय करायचं, आई,” मी म्हणाले. “मी ह्येच काम करणार. हितंच बारामतीत, माझ्या नावाची पाटी लावून.”