अर्धा कॅट

रत्नागिरीत घरटी एक तरी वस्तू लाखाची असते, आणि ती लाखाची नाही हे सांगायचं काम माझ्या नशिबी आलंय. पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी गोखले नाक्याजवळ जुनी तिकिटं आणि नाणी विकायला एक गाळा घेतला. तेव्हापासून लोक तपेल्यापासून तलवारीपर्यंत काय वाटेल ते घेऊन येतात. खरं सांगितलं की मलाच वाईट ठरवतात.

त्या सोमवारी मिऱ्या गावची गुणवंती आली. मासळी विकून थेट आली होती. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून रबर लावलेली पत्त्यांची पानं काढली. प्रत्येक पानावर लष्करी टोपीतला एकेक मिशाळ साहेब.

“माझे मिस्टर कुवेतला गोऱ्यांच्या लष्कराच्या छावणीत जेवण रांधायचे. तिथल्या शिपायान् दिलान् हा कॅट. मोबाइलवर दाखवतात, लाखाला जातो.”

मी भिंग लावलं. युद्धात शत्रूची बडी माणसं चेहऱ्याने ओळखता यावीत म्हणून त्या गोऱ्या सैनिकांसाठी काढलेला कॅट होता तो. पुढे हौशी लोकांसाठी तोच लाखांनी छापला गेला. पण ते सांगण्याआधी मी पानं मोजली. सव्वीस. सगळी लाल, बदाम आणि चौकट.

“काळी कुठायत?”

“भावाकडे.”

“मग भावाला घेऊन ये. अर्ध्या कॅटची किंमत होत नाही.”

“बोलत नाय आम्ही. नऊ वर्षं झाली.”

कारण विचारलं तर तिचा चेहरा लाल पानांसारखा झाला. गणपतीत मेंढीकोट रंगला होता. ती आणि भाऊ बाबल्या भागीदार. “माझ्या इस्पिकच्या एक्क्यावर हुकूम मारलान्, बाई! भागीदाराच्या एक्क्यावर! कोट झाला आमच्यावर. सगळी आळी हसली.” त्यावरून जे भांडण पेटलं त्यात, ज्याने खेळत होती त्या ह्या कॅटचीही वाटणी झाली: लाल पानं तिला, काळी त्याला.

मेंढीकोट मीही खेळते. गुन्हा गंभीर होता, हे मान्य. पण नऊ वर्षं?

“आता कशाला विकतेस?”

ती पिशवीशी चाळा करत राहिली. “माझ्या मनस्वीचं लग्न हाय आठ तारखेला. मामा नको पोरीच्या मागे उभा?” मग घाईघाईने म्हणाली, “तुम्हीच फोन करा त्याला. किमतीचं सांगा.” आणि मोबाइल न उघडता तिने भावाचा दहा आकडी नंबर घडाघडा म्हटला.

अर्ध्या तासात बाबल्या हजर. काळी सव्वीस पानं शर्टाच्या खिशात, रुमालात बांधलेली. म्हणजे कपाट धुंडाळायलाही वेळ लागला नव्हता. दोघं बाकड्याच्या दोन टोकांना बसली.

“बाई, तिला सांगा, पानांना हळद लागलीय.”

“बाई, त्याला सांगा, माझ्या घरात स्वयंपाक होतो.”

मी पानं ओळीने मांडायला घेतली. किलवरच्या गुलामावरचा साहेब फारच रडका होता. “हा कोण म्हणायचा?” मी आपलं पुटपुटले.

“खालच्या आळीतले तात्या!” दोघं एकदम म्हणाली आणि लगेच दोन दिशांना बघू लागली. मला हसू दाबता येईना.

बावन्न भरली. मी किंमत सांगितली, दोनशे रुपये, तेही ओळखीखातर. वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण गुणवंतीने नुसती मान डोलावली. किमतीचं बोलणं संपलं, आता इथे बसायला निमित्त उरलं नव्हतं. बाबल्याही उठेना.

“बाई, तिला विचारा...” त्याने सुरुवात केली.

माझं डोकं फिरलं. “मी अडतीस वर्षं पोस्टात लोकांचे निरोप पोचवले. आता निवृत्त झालेय. तोंड दिलंय ना देवाने? वापरा!”

 शेवटी गुणवंतीच वळली.

“का मारलंस रे हुकूम?”

बाबल्या काळ्या पानांकडे बघत राहिला. “चुकलं गो, आक्का. घाईत पडलं हातातून. रात्री आडवा झालो की तोच डाव खेळतो मी. दर वेळी दुसरं पान टाकतो.”



गुणवंतीने कमरेची पिशवी उघडली आणि लग्नपत्रिका काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती वाचली. मग एका ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचली. मामा म्हणून त्याचं नाव छापलेलं होतं.

“ह्या कधी छापल्यास?”

“महिना झाला.”

“आणि मी नसतो आलो तर?”

“तर पाचशे पत्रिका चुलीत गेल्या असत्या,” गुणवंती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत त्याच्या शेजारी सरकून बसली.