एक पळी वरण

मित्रांनो, दारव्ह्यातल्या तानाबाईच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली मी एक जुनी पितळी पळी. पळीला कसली आली गोष्ट, असं म्हणून हसू नका. उकळत्या रश्शात मी जन्मभर बुडत आले, फोडणीचे चटके सोसले, पण घाबरणं मला माहीत नव्हतं. ते मला एका शनिवारी भरदुपारी कळलं.

माझा जन्म घाटंजीचा. एका तांबटाने पितळेचा पत्रा ठोकून माझी वाटी घडवली आणि तिला लांब दांडी जोडली. जोडापाशी एक बारीक खाच राहून गेली. तेव्हा कोणाला त्याचं काही वाटलं नाही. तानाबाईच्या लग्नात इतर भांड्यांबरोबर मी तिच्या सासरी आले आणि तिच्याच हातात रुळले.

तानाबाईचा आग्रह सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध होता. तिच्या पंगतीतून उठणारा माणूस पोटावर हात फिरवतच उठायचा. पाहुण्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून आम्ही रस्सा वाढत असू. पाहुणा ओरडायचा, सगळे हसायचे. पहिलं ‘नको’ लाजेचं, दुसरं भिडेचं, आणि तिसऱ्याला अर्धी पळी, हा आमचा हिशेब. पाहुणे जाताना माझंही कौतुक करायचे. मी फुशारून जायची, खोटं कशाला सांगू.

पुढे स्टीलच्या पळ्या आल्या आणि मी मांडणीच्या मागच्या कोपऱ्यात गेले. काळी पडले. माझ्यावर जळमटं धरली, पण कोणी विचारलं नाही. दिवस जाता जात नव्हते.

मग एकदा तानाबाईची मुलगी निकिता हिचा पुण्याहून फोन आला. ती परदेशात शिकत होती तेव्हाची तिची मैत्रीण भारतात आली होती. तिला दोन दिवस दारव्ह्याला आणायचं होतं. मैत्रिणीचा देश एस्टोनिया, नाव काद्री. तानाबाईच्या तोंडी त्याचं कादरी झालं. शेजारच्या शकील मेकॅनिकने ते ऐकून ‘दिग्रसचे कादरी काय?’ असंही विचारून घेतलं. फोन ठेवताना निकिता म्हणाली, “आई, तिले दाणे चालत नाही बरं. ध्यानात ठेवजो.”

तानाबाई बुचकळ्यात पडली. आपल्या उपासाला तर शेंगदाणेच लागतात. मग दाणेच चालत नाहीत असा कोणता उपास? असेल एखादं त्यांच्याकडचं व्रत, अशी तिने मनाची समजूत घातली. व्रताचं म्हणजे मनोभावे पाळायचं, पण चुकून शिंतोडा उडाला तर देव माफ करतो, असंही तिचं मत होतं. आणि परदेशी पाहुणीला स्टीलच्या पळीने वाढायचं हे तिला पटेना. तिने मला कोपऱ्यातून काढलं, चिंचेने घासलं, बाजारातल्या म्हाताऱ्या कल्हईवाल्याकडून आतून कल्हई करून आणली. मला पुन्हा माझं रूप दिसलं. मी खुशीत होते, मित्रांनो.

काद्री शुक्रवारी संध्याकाळी आली. दारातच चपला काढल्या म्हणून तानाबाईने तिला शाबासकी दिली. तिच्याकडेही तसाच रिवाज आहे, असं निकिताने सांगितलं. पण ती बोलायची फार थोडं, आणि पाण्याच्या प्रत्येक पेल्याला थँक्यू म्हणायची. घरातल्या घरात आभार कसले, म्हणून तानाबाई मनातून खट्टू झाली. एक गोष्ट मात्र कोणाच्याच लक्षात आली नाही. काद्रीच्या देशात ताट चाटूनपुसून रिकामं केलं की जेवण आवडलं, पोट भरलं असं समजतात. आमच्याकडे रिकामं ताट म्हणजे आणखी वाढा.

शनिवारी दुपारी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता, दाण्याचं कूट घालून दाट केलेला. काद्रीसाठी वेगळ्या पातेलीत साधं वरण, वर तूप. तानाबाईने ते निगुतीने केलं होतं, कुटाचा डबासुद्धा त्याच्या जवळ नेला नव्हता. निकिता दही आणायला गेली होती. तानाबाईने मला रश्शात बुडवून घरधन्याला, घनश्यामला, वाढलं. मग काद्रीचं ताट रिकामं दिसलं. तानाबाईने मला पातेल्याच्या काठावर आपटलं. पळी झाली साफ, असं तिला वाटलं. आणि मला वरणात घातलं.

माझ्या त्या खाचेत कूट अडकलं होतं. मला ते टोचत होतं. गरम वरणात ते सुटलं, ते मला कळलं, आणि जगात फक्त मलाच कळलं.

“नको,” काद्री म्हणाली. निकिताने तिला शिकवलेला तो एकुलता एक मराठी शब्द.

“घे नं वं पोरी, लाजतं कायले,” तानाबाई म्हणाली, आणि मला ताटावर उलटं केलं.

पाहुणीने भिडेखातर घास घेतला. मी भीतीने गार पडले. मला ओरडायचं होतं. तानाबाईच्या हातातून सुटून ताटावर पडावं, ताट उलथावं, असं वाटत होतं. पण तिची मूठ घट्ट होती, आणि पळी स्वतःहून कधी पडत नाही.

थोड्याच वेळात काद्रीने ओठ चोळायला सुरुवात केली. तिचा गळा लाल झाला, अंगावर गांधी उठल्या. तानाबाईला वाटलं ठसका लागला. मला पातेलीत टाकून ती गुळाचा खडा घेऊन धावली. काद्रीला बोलताच येईना, ती गळा धरून छातीतून श्वास ओढत होती. तेवढ्यात निकिता दारात आली. दह्याचं भांडं तिच्या हातातून पडलं.

“आई, वरणात कोणती पळी घातली?”

“हेच तं पितळी पळी. रश्शाची तेच वरणाले. काहून?”

व्रत कसलं, काद्रीला दाण्याची ॲलर्जी होती; त्यासाठी ती कायम जवळ बाळगायची ते पेनासारखं इंजेक्शन निकिताने तिच्या पिशवीतून काढलं आणि कपड्यावरूनच तिच्या मांडीत दाबलं. मग शकीलची गाडी दारात आली आणि सगळे काद्रीला उचलून दवाखान्यात गेले. दार उघडंच राहिलं.

मी वरणाच्या पातेलीत तशीच पडून होते. वरणावर साय धरली, माझ्या दांडीवर माश्या बसल्या. ती जिवंत आहे की नाही, हे मला कोण सांगणार? बाहेर गाडीचा आवाज आला की मी दचकायची. प्रत्येक वेळी गाडी पुढे निघून जायची. इतकं घाबरणं मी उभ्या जन्मात अनुभवलं नव्हतं, आणि घाबरून करण्यासारखं माझ्या हाती काहीच नव्हतं.

संध्याकाळी तानाबाई एकटी परतली. तिने मला उचललं आणि राखेने घासायला लागली. घासत राहिली, घासत राहिली, कल्हई उडाली तरी थांबेना. घनश्याम मागून आला तेव्हा ती म्हणाली, “वाचली पोरगी. पण ते नको म्हणे, अन् मी वाढून राह्यली होती.” मग ती पदर तोंडाला लावून रडली. काद्री वाचली, हे ऐकून मीही तिच्या मुठीत सैल झाले.

रविवारी काद्री परत आली. चेहरा अजून सुजलेला होता. निकिताने स्वतः नव्या भांड्यात भात आणि साधं वरण केलं, नव्या पळीने. मी खिळ्यावर होते, आता मी फक्त दाण्याच्या रश्शाची. तानाबाईने वाढायला नवी पळी हातात घेतली. काद्रीचं ताट रिकामं होताच ती पुढे वाकली.

“नको,” काद्री हळूच म्हणाली, आणि घाबरून निकिताकडे पाहिलं.

तानाबाईचा हात हवेत अडला. मी त्या हातात उभा जन्म काढला आहे. त्याला थांबणं किती जड गेलं, ते मला दिसलं. मग तिने पळी पातेलीत परत ठेवली. “बरं,” म्हणाली, आणि पाहुणीच्या डोक्यावरून हात फिरवला.

मित्रांनो, तुमच्या घरीही पाहुणे येतील, त्यांना प्रेमाने वाढा. पण कोणी ‘नको’ म्हटलं तर हात आवरा. लाजून म्हणतो, भिडेने म्हणतो, की जिवाच्या भीतीने, हे शोधत बसू नका. ते कळेपर्यंत माझ्यातलं वरण ताटात पडलेलं असतं.