नाव घ्या ना!

"आता सुखरामभाऊ!" प्रांजलीने टाळी वाजवली. "शेजारच्याचं नाव घ्या आणि त्याचा एक चांगला गुण सांगा."

सुखरामने शेजारच्या शेषरावांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. शेषरावांची पाळी आली, तर तेही मिठाची गुळणी धरून बसले. ग्राइंडर चालवणारी तारा तोंडाला पदर लावून हसत होती. 

अमरावतीहून परराज्यातल्या हथखोजच्या या टाक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. माणसं कशी जोडावी याचं प्रशिक्षण तिने मोठ्या हौसेने घेतलं होतं. जेवायला मात्र केबिनमध्ये एकटीच बसायची. आणि आता तिचे हे दोघे, फिटर आणि वेल्डर, एकमेकांचं नावसुद्धा घेत नव्हते! हातातल्या ऑर्डरची मोठी टाकी वेळेत गेली नाही, तर मालक तिलाच घरी पाठवणार होते. भांडण विकोपाला जायच्या आत तिने दोघांना वेगवेगळ्या पाळ्यांत टाकलं.

झालं उलटंच. टाकीचे जोड जुळेनात. शेषराव तर पाळी सुटली तरी घरी न जाता फाटकाशी सुखरामची वाट बघत थांबायचे. भांडलेला माणूस असा थांबेल कशाला? न राहवून ती त्यांच्याजवळ गेली.

"काका, राग आहे ना तुमचा सुखरामभाऊंवर?"

शेषराव चमकले. मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"राग? आवो मॅडम, तो माया महाप्रसाद हाये! जगन्नाथाचा प्रसाद एकमेकाले चारून दोस्ती बांधली आमी. तवापासून एकमेकाचं नाव नाई घेत, 'महाप्रसाद'च म्हनतो. इकडची रीतच हाये तशी."

"मग त्या दिवशी बोलला का नाही?"

"मले वाटलं, तुमाले मालूम हाये. मजाक करून राहिल्या."

प्रांजलीने कपाळावर हात मारला आणि तीही पोट धरधरून हसली. दुसऱ्या दिवसापासून दोघं पुन्हा एका पाळीत आले. टाकी वेळेत गेली, आणि वर मालकांनी पेढे वाटले.

राखीच्या दुसऱ्या दिवशी तारा टोपलीत उगवलेली गव्हाची पिवळी रोपं, भोजली, तळ्यात सोडून थेट कामावर आली. त्यातली चार तिने राखून ठेवली होती. तिने ती प्रांजलीच्या कानावर खोवली.

"आता आपुन भोजली, जशे ते दोघं महाप्रसाद. तुमी मायं नाव घ्यायचं नाई, मी तुमचं."

प्रांजलीने त्यातलीच दोन रोपं काढून ताराच्या कानावर खोवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेताना ती एका नावापाशी अडली. सगळे बघू लागले. शेषरावांनी सुखरामला हळूच कोपर मारलं.

"भोजली?" तिने हाक दिली.

"हाजिर!"